टाकून देण्यासाठी छापलेले जपताना: हॅलोविनची जुनी कागदी सजावट, पल्प मासिके आणि भयकादंबऱ्या

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. जवळच्या एका घरात निघालेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्यांना एक खोके मिळाले. त्यात कमानदार पाठीची पुठ्ठ्याची काळी मांजर, स्वस्त कागदावर छापलेल्या 'वीअर्ड टेल्स' या भयकथांच्या पल्प मासिकाचे कडा झडू लागलेले दोन अंक, स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' या भयकादंबरीची बांधीव प्रत आणि लहान मुलाचा मुखवट्यासह एक पोशाख अशा वस्तू होत्या. यांतले खरोखर जुने काय, त्याची किंमत कशी ठरवावी, पुढे संग्रह करायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी आणि पुण्याला परतताना हे सगळे सोबत न्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. जुनी पुस्तके आणि छापील वस्तू विकत घेण्याचा व विकण्याचा व्यवसाय मी दीर्घकाळ करत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

या चारही वस्तूंमध्ये एक गोष्ट समान आहे आणि ती ध्यानात घेतली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. यांपैकी कोणतीही वस्तू जपून ठेवण्यासाठी बनवलेली नव्हती. मांजर हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या, संध्याकाळपुरती भिंतीवर टाचायची होती, मासिक पुढचा अंक येईपर्यंत वाचायचे होते, कादंबरी त्या हंगामात खपवायची होती आणि पोशाख मूल पुढच्या वर्षी उंच होईपर्यंतच उपयोगाचा होता. त्यामुळे कागद हलका, शाई स्वस्त आणि चिकटकाम कामचलाऊ असणे हेच स्वाभाविक होते. आज या वस्तू दुर्मीळ का आहेत, त्यांची नक्कल कशी उघडी पडते आणि त्या कशामुळे खराब होतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका वस्तुस्थितीत आहेत. म्हणून नवशिक्याने आधी दरपत्रके पाठ करू नयेत. कागद, पुठ्ठा आणि छपाई पाहायला शिकावे.

मांजरीपासून सुरुवात करू. अमेरिकेतील हॅलोविनच्या कागदी सजावटीत बीसल कंपनीचे नाव सर्वांत आधी येते. मार्टिन लूथर बीसल यांनी ही कंपनी 1900 साली पिट्सबर्गमध्ये सुरू केली आणि काही वर्षांतच ती पेनसिल्व्हेनियातील शिपन्सबर्ग या लहान गावी हलवली. मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडणारा झिरझिरीत कागद ही तिची खासियत होती, आणि आकारात कापलेल्या, उठावाच्या छपाईच्या पुठ्ठ्यांवरील मांजरी, घुबडे, चेटकिणी व सांगाडे 1920च्या दशकापासून तिथून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. काही नगांवर 'एच. ई. लुर्स' अशी खूण आढळते; ते बीसल यांच्या जावयाचे नाव आहे, त्यामुळे ते पाहून वस्तू दुसऱ्याच कंपनीची आहे असे समजू नये. तिची मोठी स्पर्धक म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी. तिने 1909 साली 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली. ही पुस्तिका हॅलोविनच्या मेजवान्या, सजावट आणि पोशाख यांच्या कल्पनांनी भरलेली असली तरी तिचा खरा हेतू कंपनीचा सुरकुत्यांचा सजावटी क्रेप कागद खपवणे हाच होता. आज त्याच पुस्तिका सजावटीपेक्षाही अधिक चुरशीने विकत घेतल्या जातात. माझ्या मते त्यांना मिळणारा भाव योग्यच आहे, कारण त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हा सण कसा साजरा होत असे याचे इतके सचित्र वर्णन दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही.

आता आपली मांजर खरी की नक्कल, हे कसे पाहावे ते सांगतो. प्रथम बोट फिरवून उठाव तपासा. जुन्या नगांत मिशा, शेपटी आणि पाठीवरचे केस पुठ्ठ्यात दाबून उमटवलेले असतात आणि मागच्या बाजूने ते खोलगट लागतात. घरगुती प्रिंटरवर केलेल्या नकलेत हा उठाव नसतो. त्यानंतर भिंग घेऊन घड्या आणि डाग पाहा. नक्कल करणारा बहुधा एखादा जुना नग स्कॅन करतो, त्यामुळे मूळ नगावरची घडी किंवा टाचणीचे भोक चित्राचा भाग होऊन छापले जाते. डोळ्याला घडी दिसते, पण बोटाला पुठ्ठा सपाट लागतो. हा पुरावा मिळाला की पुढचा तपास करण्याची गरज राहत नाही. तिसरी कसोटी अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चची. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने वापरली जाऊ लागली, आणि असा कागद अंधारात त्या प्रकाशाखाली निळसर पांढरा झळकतो. विक्रेता 1930 सालचे म्हणून दाखवत असलेली वस्तू अशी झळकली तर व्यवहार तिथेच थांबवावा. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. न झळकणारा कागद आजही बनतो, त्यामुळे ही कसोटी वस्तू नवी आहे एवढेच सिद्ध करू शकते, ती जुनी असल्याचे सिद्ध करू शकत नाही.

छापील मजकूरही पुष्कळ काही सांगून जातो. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर वस्तू जुलै 1963 नंतरची आहे. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर ती 1943 ते 1963 या काळातील असण्याचा संभव मोठा. पट्ट्यांचा बारकोड 1974 नंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' अशी खूण महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातील, म्हणजे 1952 पर्यंतची. पश्चिम जर्मनीचे नाव असेल तर 1949 पूर्वीचा प्रश्नच येत नाही. नुसते 'जर्मनी' लिहिलेले पाहून मात्र हुरळून जाऊ नये. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीतून आलेली, पुठ्ठा आणि लगद्याची भोपळ्याची डोकी आणि मिठाईच्या डब्या आज अतिशय महाग आहेत हे खरे, परंतु 1990 नंतर एकसंध झालेल्या देशातूनही तेच नाव छापून माल येतो. बीसल कंपनीने स्वतःच आपल्या जुन्या चित्रांच्या नव्या आवृत्त्या बाजारात आणल्या आहेत. त्या प्रामाणिकपणे नव्या म्हणून विकल्या जातात आणि भिंतीवर लावायला छानच दिसतात. लबाडी होते ती पुढे कोणी त्या वेष्टनातून काढून, चहाच्या पाण्याचा हात फिरवून जुन्या म्हणून विकतो तेव्हा.

लगद्याच्या कंदिलांबद्दल थोडक्यात एवढेच, की त्यांत खरी मेणबत्ती पेटवली जात असे, म्हणून अनेक कंदील जळून गेले. डोळ्यांच्या व तोंडाच्या जागी आतून चिकटवलेला पातळ छापील कागद शाबूत असेल तर किंमत कितीतरी वाढते. तोच कागद नंतर बदललेला असण्याची शक्यताही सर्वांत जास्त, म्हणून टॉर्च आत घालून पाहायला विसरू नये.

मासिकांकडे वळू. 'वीअर्ड टेल्स'चा पहिला अंक मार्च 1923 मध्ये शिकागोतून निघाला आणि मूळ मालिका 279 अंकांनंतर सप्टेंबर 1954 मध्ये बंद पडली. संपादक फार्न्सवर्थ राइट यांच्या काळात, म्हणजे 1924 च्या अखेरीपासून 1940 पर्यंत, या मासिकाने जे छापले त्यावर पुढचे अर्धे भयसाहित्य उभे आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एच. पी. लव्हक्राफ्ट यांची 'कॉल ऑफ कथुलू' ही कथा फेब्रुवारी 1928 च्या अंकात आली आणि रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचा कोनन हा तलवारबहाद्दर नायक डिसेंबर 1932 मध्ये अवतरला. असे 'पहिल्या दर्शनाचे' अंक आणि मार्गरेट ब्रंडेज यांनी खडूरंगात चितारलेली 1930च्या दशकातील मुखपृष्ठे यांना सर्वाधिक मागणी असते. आपल्याकडचे अंक 1940च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत असे आपण कळवले आहे. ते तुलनेने सहज मिळतात आणि सुरुवातीला हाताळण्यासाठी तेच योग्य आहेत.

पल्प मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असे. त्यातील लिग्निन काढलेले नसे आणि कागद तयार करताना वापरलेली तुरटीसारखी द्रव्ये त्यात आम्ल सोडत राहत, म्हणून तो पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी पापडासारखा ठिसूळ होतो. त्यात युद्धकाळातील रद्दी-संकलनाच्या मोहिमांत अशा मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. जे उरले त्याच्या प्रतीचा निवाडा करताना मुखपृष्ठाच्या झळाळीपेक्षा पानांचा रंग आणि लवचीकपणा पाहावा. परवानगी घेऊन आतल्या एखाद्या पानाचा कोपरा अगदी हलका वाकवावा. तो वाकण्याऐवजी तुटू पाहत असेल, तर ते मासिक काचेआड ठेवण्याचे आहे, वाचण्याचे नाही. वाचायचे असेल तर त्याच अंकाचे आजचे पुनर्मुद्रण घ्यावे. कथा वाचण्यासाठी मूळ अंकाचा कणा मोडणे मला व्यर्थ वाटते. तितकेच व्यर्थ वाटते ते प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या कायमबंद कवचात घालून त्यावर गुणांची चिठ्ठी लावणे. महागड्या कॉमिक्सना त्या पद्धतीने संरक्षण मिळते हे मान्य, पण जे कधीच उघडता येणार नाही त्याला मासिक म्हणावे का, हा माझ्यापुरता खुला प्रश्न आहे.

लव्हक्राफ्ट 1937 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या कथांचा भारदस्त संग्रह कोणत्याही मोठ्या प्रकाशकाला नको होता. ऑगस्ट डर्लेथ आणि डॉनल्ड वॉन्ड्राय या त्यांच्या दोन तरुण चाहत्यांनी 1939 मध्ये विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी येथे 'आर्कम हाऊस' सुरू केले आणि 'दि आउटसायडर अँड अदर्स' छापले. प्रती 1,268, किंमत पाच डॉलर. आणि तेवढ्या प्रती संपायलाही काही वर्षे लागली. रे ब्रॅडबरी यांचे पहिले पुस्तक 'डार्क कार्निव्हल' हेही याच प्रकाशनाचे, 1947 चे, सुमारे 3000 प्रतींचे. या प्रकाशनाच्या अनेक पुस्तकांत शेवटच्या पानावर किती प्रती छापल्या याची नोंद असते, आणि संग्राहकाला एवढी सोय सहसा कोणी करून देत नाही. मात्र पुस्तकापेक्षा त्याचे कागदी वेष्टन अधिक मोलाचे असल्याने नकली वेष्टनांचा सुळसुळाट आहे. प्रामाणिक विक्रेता ते नव्याने छापलेले आहे हे स्पष्ट सांगतो. सांगितले नसेल तर दुमडीच्या रेषेवरची झीज पाहा. कित्येक दशके पुस्तकावर राहिलेल्या वेष्टनाच्या घडीवर शाई झिजून कागदाचे तंतू दिसू लागतात, आणि नव्या वेष्टनावर हे बेमालूमपणे साधत नाही. लव्हक्राफ्ट यांच्या लेखनातला वर्णद्वेषही लपून राहणारा नाही. 'वर्ल्ड फँटसी अवॉर्ड' या अद्भुत साहित्याच्या पुरस्कारात दिला जाणारा त्यांचा अर्धपुतळा बदलण्याचा निर्णय 2015 मध्ये जाहीर झाला तो त्यामुळेच. संग्रह करणाऱ्याने हे जाणून असावे.

आपल्या खोक्यातील 'सेलम्स लॉट' हा सर्वांत महत्त्वाचा नग ठरू शकतो किंवा अगदीच मामुली. डबलडे या प्रकाशकाने ते 1975 मध्ये काढले. या प्रकाशकाच्या त्या काळातील पुस्तकांत शेवटच्या काही पानांपैकी एकावर, शिवणीलगतच्या आतल्या समासात एक अक्षर आणि आकडा बारीक टाइपात छापलेला असतो. अक्षर वर्षाचे आणि आकडा आठवड्याचा. पहिल्या मुद्रणात पृष्ठ 439 वर 'क्यू 37' असे हवे, म्हणजे 1975 चा सदतिसावा आठवडा. किंग यांच्या 'कॅरी'मध्ये पृष्ठ 199 वर 'पी 6' हवे, म्हणजे 1974 चा सहावा आठवडा. यानंतर वेष्टनाचा आतला मजकूर वाचा. सुरुवातीच्या वेष्टनांवर फादर कॅलहन या पात्राचे नाव चुकून फादर कोडी असे छापले गेले होते आणि किंमत 8.95 डॉलर होती. किंमत 7.95 वर आणण्याचे ठरल्यावर जुनी किंमत कापून काढली आणि नवी छापली. पुढे नावही दुरुस्त झाले. त्यामुळे 8.95 ही किंमत न कापलेली आणि कोडी हे नाव असलेली प्रत अत्यंत दुर्मीळ आहे, कापलेली किंमत व चुकीचे नाव असलेली प्रत चांगली, आणि दुरुस्त नावाची 7.95 ची प्रतही पहिल्या मुद्रणाचीच असू शकते.

हे सगळे तपासण्याआधी पुस्तक बुक क्लबचे, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेल्या आवृत्तीचे, तर नाही ना हे पाहून घ्यावे, कारण अशा खोक्यांत बहुतेक वेळा तेच निघते. क्लबच्या प्रतीच्या वेष्टनावर किंमत नसते, मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात अनेकदा लहानसा दाबलेला ठसा असतो, आणि आकार व कागद दोन्ही हलके असतात. शिवणीलगतचे अक्षर आणि आकडा क्लबच्या प्रतींतही सापडतात, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबू नये. अन्य प्रकाशकांच्या पुस्तकांत स्वामित्वहक्काच्या पानावरची आकड्यांची ओळ पाहावी. सर्वांत लहान आकडा 1 असेल तर पहिले मुद्रण. रँडम हाऊस हा याला अपवाद आहे. त्यांच्याकडे दीर्घकाळ पहिल्या आवृत्तीत ती ओळ 2 पासून सुरू होत असे.

कमी पैशांत जास्त आनंद हवा असेल तर मी नेहमी 1970 आणि 1980च्या दशकांतील भयकादंबऱ्यांच्या स्वस्त कागदी आवृत्त्या सुचवतो. 'रोझमेरीज बेबी' (1967) आणि 'दि एक्सॉर्सिस्ट' (1971) यांच्या अफाट खपानंतर प्रत्येक प्रकाशकाला भुताखेतांची कादंबरी हवी होती आणि दुकानाच्या फिरत्या जाळीवर गिऱ्हाइकाची नजर खेचण्यासाठी मुखपृष्ठांवर उठावाची अक्षरे, चमकता वर्ख आणि आतले दुसरे चित्र दाखवणारी कापलेली खिडकी, असे सगळे प्रयोग झाले. मजकूर पुष्कळदा सुमार असतो. चित्रकार मात्र सुमार नव्हते, आणि त्यांतील कित्येकांचे नाव पुस्तकात कुठेही छापलेले नाही. चित्राच्या कोपऱ्यातील सही शोधत बसणे हा या छंदातला माझा आवडता भाग आहे. न खपलेल्या प्रतींचे मुखपृष्ठ फाडून तेवढेच प्रकाशकाला परत पाठवायचे आणि उरलेले पुस्तक नष्ट करायचे, अशी तिथली रीत होती. म्हणून लाखांनी छापलेले पुस्तकही चांगल्या अवस्थेत मिळेनासे होते. मुखपृष्ठाविना विकायला ठेवलेली प्रत त्याच रद्दीतून पळवलेली असते, ती घेऊ नये. थोडे मागे जायचे असेल तर 1952 पासून निघालेली 'एस डबल' ही जोडपुस्तके पाहावीत. एका बाजूने एक कादंबरी आणि पुस्तक उलटे करून फिरवले की दुसरी, दोन्हींना स्वतंत्र मुखपृष्ठ. त्यांतील विज्ञानकथा आजही परवडणाऱ्या दरात मिळतात.

पोशाखाबद्दल आपण पाठवलेल्या वर्णनावरून तो ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीच्या पद्धतीचा दिसतो: पातळ प्लॅस्टिकचा, रबरी दोरीचा मुखवटा आणि अंगरख्यावर त्याच पात्राचे छापलेले चित्र. स्वतःचेच चित्र छातीवर मिरवणारा राक्षस तर्काला धरून नाही, पण त्या काळी वाढलेल्या मुलांना नेमके तेच आठवते. खोके, त्याची पारदर्शक खिडकी आणि मापाची चिठ्ठी असेल तर किंमत बरीच वाढते. या साऱ्या राक्षसप्रेमामागे एक ठोस कारण आहे. 1957 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे 52 जुने चित्रपट 'शॉक' या नावाने एकगठ्ठा दूरचित्रवाणीला मिळाले आणि एक नवी पिढी फ्रँकेनस्टाइन, ड्रॅक्युला यांच्या प्रेमात पडली. पाठोपाठ 1958 मध्ये 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक आणि 1961 पासून ऑरोरा कंपनीचे सुटे भाग जोडून बनवायचे प्लॅस्टिकचे राक्षस आले. स्वस्त वस्तूचे भाग्य कसे फिरते याचे उत्तम उदाहरण 1978 च्या 'हॅलोविन' चित्रपटातील मुखवटा. डॉन पोस्ट स्टुडिओचा, 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा दोनेक डॉलरचा मुखवटा आणून त्याचे डोळे मोठे कापले आणि तो पांढरा रंगवला, मुख्यतः एवढीच त्याची निर्मिती. आज त्याच्या अधिकृत प्रतिकृती मूळ मुखवट्याच्या कित्येक पट किमतीला विकल्या जातात.

किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा कधीही पाहू नये, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहावेत. ईबेवर आणि मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या निकालांत ते पाहता येतात. हॅलोविनच्या वस्तू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेणे म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी फुलांचा भाव विचारणे होय. नोव्हेंबर ते वसंत ऋतू हा खरेदीचा काळ. आपल्या परिसरात लॅम्बर्टव्हिलचा गोल्डन नगेट बाजार आहे, पेनसिल्व्हेनियात अॅडम्सटाउन आहे, आणि वर्षातून तीनदा भरणारा मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफिल्डचा बाजार एकदा तरी पाहावा. मासिकांसाठी 'पल्पफेस्ट'सारख्या संमेलनाला जावे. तिथे जुने जाणते संग्राहक अंक हातात देऊन समजावतात, आणि त्या दहा मिनिटांत जे कळते ते छायाचित्रे पाहून कळत नाही.

पुण्याला नेण्याविषयी माझे मत वस्तूगणिक वेगळे आहे. 'सेलम्स लॉट' आणि कागदी आवृत्त्या खुशाल न्याव्यात. एकेकाळी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथांवर अशा अमेरिकी आवृत्त्यांचे ढीग असत, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रती घरोघरी पावसाळे काढून आजही शाबूत आहेत. वेष्टनाला पॉलिएस्टरचे पारदर्शक आवरण घालावे, पीव्हीसीचे नको, कारण ते कालांतराने चिकट होते. पुस्तके बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा साठ टक्क्यांच्या वर राहू लागला तर ओलावा शोषणारे यंत्र लावावे, अन्यथा बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली घरगुती सवय इथे घातक आहे, कारण त्यांच्या वाफेने ऑरोरासारख्या पॉलिस्टायरीनच्या वस्तू मऊ पडून चिकटतात. पोशाखाचा मुखवटा सपाट दाबून न ठेवता आत आम्लरहित कागदाचा बोळा भरून न्यावा. मांजर दोन जाड आम्लरहित पुठ्ठ्यांमध्ये ठेवून हातसामानात घ्यावी आणि फाटलेल्या कानाला चिकटपट्टी अजिबात लावू नये. ठिसूळ झालेली दोन मासिके मात्र, आपली हरकत नसेल तर, इथेच एखाद्या संग्राहकाला विकावीत. त्यांच्या किमतीपेक्षा ती तिकडे टिकवण्याचा खर्च जास्त होईल, आणि त्या पैशांत त्याच काळातील, पाने अजून वाकणारा एक बरा अंक सहज मिळेल.